किमान आधारभूत पौंड

मारेगावच्या अर्पिताच्या बॅडमिंटनच्या रॅकेटची तार मंगळवारी दुपारी साडेचारला तुटली. रविवारी यवतमाळला जिल्ह्याची निवड होती आणि पोरीकडे रॅकेट ही एकच.

तशी गोष्ट साधी होती. एरवी तार तुटली की रॅकेट जुन्या पेपरात गुंडाळायची, नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, तो ती दुकानात टाकायचा आणि तिसऱ्या दिवशी गटिंग करून, म्हणजे नवी तार ताणून बसवून, आणून द्यायचा. एक चहा पाजला की काम फत्ते. या सगळ्यात कुठंच कोणाची सही लागत नव्हती, म्हणून ते इतकी वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

पण ते साल होतं दोन हजार सहा. कापूस सोडून सगळ्या गोष्टींना भाव आलेला. दर आठवड्याला कुठला तरी साहेब यायचा, कापसाच्या पराटीत उभा राहून फोटो काढायचा, बोंड नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि परत जाऊन काहीतरी पाठवून द्यायचा. कोणी गाई पाठवल्या, कोणी मन शांत करायची शिबिरं पाठवली. मारेगावनं आपला एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा मागितला होता. मोठा खोका आला, बँड लावून उघडला, तर आत रॅकेटला गटिंग करायचं यंत्र. एक चौकट, एक दांडा, एक काच आणि काचेत हलणारे आकडे. मागणीपत्रात लिहिलं होतं की यंत्र विजेवर चालावं, आकडे दाखवावेत आणि मोकळं असताना शून्यावर यावं. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या. परत पाठवायला कारणच उरलं नाही.

यंत्र आलं म्हणून त्याच्यासाठी कक्ष आला, ‘तालुका क्रीडा व मनोधैर्य कक्ष’. कक्ष आला म्हणून परिपत्रक आलं. यापुढं जिल्ह्याच्या निवडीला येणाऱ्या प्रत्येक खेळाडूनं रॅकेटची तार सरकारी यंत्रावरच बसवावी आणि ती किती पौंडांच्या ताणावर बसली त्याचं प्रमाणपत्र सोबत आणावं. प्रमाणपत्राविना खेळता येणार नाही.

आणि कक्षाला माणूस हवा म्हणून सदाशिवराव आले.

आले म्हणजे काय, होतेच. सव्वीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर कापूस ओढून काढायचे, दोन अंगठ्यांत धागा ताणायचे आणि डोळे मिटायचे. पाचशे गाड्यांची रांग त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत श्वास धरून उभी राहायची. मग सदाशिवराव म्हणायचे, “ओला आहे.” हे दोन शब्द त्यांनी बेचाळीस डिग्रीच्या उन्हातही म्हटले होते, आणि समोरच्यानं कपाळाचा घाम पुसून ते मान्य केले होते. आदल्या साली केंद्र बंद पडलं आणि सदाशिवराव त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर, त्याच खिडकीमागं बसून क्रीडा खात्यात वर्ग झाले. बाहेरची पाटी तेवढी बदलली. बॅडमिंटन त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, तेही एका लग्नात, पंगत बसायची होती तोवर.

माणूस वाईट नव्हता. त्याच्या अंगठ्यांना काम नव्हतं, एवढंच.

बुधवारी सकाळी खिडकीशी अर्पिता आली. सोबत तिची मोठी माय, म्हणजे आजी, मैनाबाई. सदाशिवरावांनी हे तोंड ओळखलं. या बाईनं वीस वर्षं याच खिडकीपुढं कापसाच्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

“काहो ग्रेडर साहेब, ओळखलं का?”

“मी आता ग्रेडर नाही, बाई. प्रभारी मनोधैर्य अधिकारी आहे.”

“थे काय असते?”

“तुमचं खचलं की ते आम्ही वर उचलतो.”

“मंग उचला. आमच्या पोट्टीची तार तुटली.”

अर्पितानं रॅकेट पुढं केली. “काका, बारीकवाली नायलॉनची तार टाका अन् ताण बावीस पौंड ठेवा. जास्त नको, माहा खांदा दुखते. अर्ध्या घंट्याचं काम आहे.”

सदाशिवरावांना हे आवडलं नाही. सव्वीस वर्षांत कोणाही माणसानं आपल्या मालाची प्रत आपल्या तोंडानं सांगितलेली त्यांनी ऐकून घेतली नव्हती. प्रत सांगणं हे माल आणणाऱ्याचं काम नसतं.

“टोकन घ्या,” ते म्हणाले.

टोकनांचा गठ्ठा कापसाच्या वेळचाच होता. नवा गठ्ठा मागवायचा तर जुना संपल्याचा दाखला लागत होता. अर्पिताला चारशे सतरावा नंबर मिळाला.

मैनाबाईंनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. “साहेब, येथं आमी दोघीच आहो.”

“डोळ्यांना दोघी दिसता. रजिस्टरप्रमाणं तुमच्यापुढं चारशे सोळा जण आहेत. त्यांच्यावर अन्याय करू का?”

आणि ते पुकारायला लागले. “नंबर एक! नंबर एक! नंबर एक! गैरहजर.” प्रत्येक नंबर तीनदा. नियम तसाच होता. दोनशे तीनला एक कुत्रं आत येऊन बसलं. त्याच्याकडं ओळखपत्र नसल्यानं त्याला बाहेर काढलं. दोनशे अडतीसला मैनाबाई ताडकन उठल्या.

“अहो, थो दोनशे अडतीस म्हंजे मीच! माही गाडी तीन दिवस उभी होती ना या दारात!”

“मग कापूस कुठाय?”

“थो मंग व्यापाऱ्याले देऊन टाकला, कटाळून.”

“म्हणजे गैरहजर,” सदाशिवरावांनी लिहिलं आणि पुढं गेले. संध्याकाळी साडेपाचला चारशे सोळावा नंबर गैरहजर झाला आणि कार्यालयाची वेळ संपली.

गुरुवारी रॅकेट आत घेतली. तिच्या दांड्याला सुतळीनं चिठ्ठी बांधली, पाठीमागं लाल शिक्का मारला. आता ती सरकारजमा होती आणि काम पुरं झाल्याखेरीज मालकालाही हात लावता येणार नव्हता. सदाशिवरावांनी तुटक्या तारेचा तुकडा काढला, दोन अंगठ्यांत धरून ताणला आणि डोळे मिटले. फार दिवसांनी अंगठ्यांना बरं वाटलं.

“ओली आहे.”

“काका, नायलॉन ओलं नाही होत,” अर्पिता म्हणाली.

“ओलाव्याचे दोन पौंड कमी. काडीकचऱ्याचा कडता एक पौंड. एकोणीस.”

“अवो पण तिच्यात कचरा कोठी आहे, साहेब?” मैनाबाईंनी विचारलं.

“बाई, कडता मालात काही असल्यामुळं कापत नसतात. कडता कापायची पद्धत आहे म्हणून कापतात.”

राहता राहिला तारेचा प्रकार. तो ठरवायचा अधिकार कक्षाच्या समितीला होता आणि समितीचे अध्यक्ष होते विठ्ठलराव. विठ्ठलराव दर पाच वर्षांनी निवडून यायचे आणि मधल्या वेळात अध्यक्ष असायचे. त्यांनी अर्ज वाचला, ‘नायलॉन’ या शब्दावर बोट ठेवलं आणि टेबलावर मूठ आपटली.

“नायलॉन? या मातीत? आपला कापूस घराघरात पडून राह्यला, अन् सरकारी यंत्रावर नायलॉन? सदाशिवराव, काही लाजबीज?” असं म्हणून त्यांनी टेरिलिनच्या शर्टाची बाही वर सारली.

ठराव झाला. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात रॅकेटची तार कापसाचीच असेल. सूचक विठ्ठलराव, अनुमोदक विठ्ठलराव, कारण बाकीचे सभासद लग्नाला गेले होते.

आता कापसाची तार आणायची कुठून? देवळासाठी वाती वळणाऱ्या हंसाबाईंना बोलावलं. हंसाबाईंनी रॅकेट उलटीपालटी करून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला.

“फुलवात की लांब वात?”

“लांब,” सदाशिवराव म्हणाले. आपल्याला एवढा नेमका प्रश्न आजवर कोणी विचारला नाही, असं त्यांना वाटून गेलं.

शुक्रवारी वातीची तार बसली. एकोणीसवर ताणली, तुटली. पंधरावर तुटली. बारावर तुटली. नऊवर टिकली. अर्पितानं शटल उडवून त्यावर झेललं. शटल तारांत बसलं आणि बसूनच राहिलं, कोंबडी खुडूक बसावी तसं.

“काका, हे उडतच नाही!”

सदाशिवराव लिहीत होते. ‘शटल सुरक्षित. जाळीपलीकडे जाऊन गहाळ होण्याचा धोका संपुष्टात.’ त्यांनी वर पाहिलं. “उडालं की ते दुसऱ्याच्या अंगणात जातं, पोरी. आपलं आपल्याकडं राहिलं, यात वाईट काय?”

“मले रविवारी खेळाचं आहे ना, काका.”

तिचा आवाज जरा कापला. सदाशिवरावांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. असा आवाज त्यांनी त्या खिडकीत खूप ऐकला होता. त्यावर काय करायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते चहाला गेले.

बसस्टँडसमोर कापसाच्या भावाचं आंदोलन चालू होतं. अकरावा दिवस. भाव काही मिळत नाही, हे आंदोलकांना कळलं होतं, पोलिसांना कळलं होतं, भोंग्यालाही कळलं असावं, कारण तो मधे मधे बंद पडायचा. पण मांडव उभा होता आणि माणसं बसलेली होती. चहाच्या टपरीवर सदाशिवरावांच्या तोंडून ‘नऊ पौंड’ एवढंच निघालं, आणि मांडवात बातमी पोचली.

“पुसदच्या पोट्ट्या चोवीस पौंडावर खेळून राह्यल्या, अन् आमाले नऊ?”

“काहून? आमी काय पाप केलं?”

मेलेल्या भोंग्यात जीव आला. पंधरा मिनिटांत कापसाच्या मागण्यांचा फलक उलटा करून त्याच्या पाठीवर नवा फलक रंगवला गेला: ‘मारेगावच्या पौंडाला हमी मिळालीच पाहिजे!’ लोक रस्त्यावर बसले. “पौंड आमच्या हक्काचे, नाही कोणाच्या बापाचे!” दोन्हीकडं ट्रक उभे राहिले. पौंड म्हणजे काय हे ट्रकवाल्यांनी विचारलं नाही. तेही घोषणा द्यायला लागले.

घोषणा देणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज अर्पिताच्या बापाचा, अमरचा. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की आपलं कोणीतरी ऐकून राह्यलं. पोरगी गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली.

“बाबा, मले बावीसच पाह्यजे. चोवीस नको, तीस नको.”

“तू चूप राय वं. हक्काचं भेटून राह्यलं तं कमी कायले घ्याचं?”

“पण मोडन ना ते!”

“मोडू दे. मागाची वेळ आली की जास्तच मागा लागते. मंग कुठी अर्धं भेटते.”

अर्ध्याचा हिशोब चुकला नव्हता. तो फक्त अशा सरकारसाठी होता, जे मागितलेलं देत नाही. पण या वेळी सरकारनं दिलं. फाइल एका रात्रीत वर जाऊन खाली आली. असं त्या जिल्ह्यात आधी कधी झालं नव्हतं, पण कारण सरळ होतं. भाव वाढवायचा तर तिजोरी उघडावी लागते, पौंड वाढवायचे तर नुसता दांडा फिरवावा लागतो. शनिवारी सकाळी विठ्ठलरावांनी भोंग्यावरून आदेश वाचला. “मारेगाव तालुक्यासाठी किमान आधारभूत पौंड बत्तीस! आणि संकटाचा काळ पाहता, खास बाब म्हणून, तीन पौंड बोनस!”

फटाके फुटले. अमरला खांद्यावर घेतलं. तो तिथं उंच बसून रडत होता. माणसाला किती दिवसांनी काही मिळालं होतं.

यंत्र उचलून मांडवात आणलं. पस्तीस पौंडांना वातीची तार टिकणार नव्हती, म्हणून हंसाबाईंनी बारा वाती एकत्र वळल्या. रॅकेट आता रॅकेट न दिसता बाज विणायला घेतल्यासारखी दिसत होती. सदाशिवरावांनी उजव्या हातानं दांडा धरला आणि डावा अंगठा रॅकेटच्या कडेवर ठेवला, सवयीनं. समोर तीन हजार माणसं श्वास धरून. असे डोळे त्यांच्याकडं लागून दीड वर्ष झालं होतं.

“वीस!” लोक ओरडले. “बावीस!”

“बस, काका,” अर्पिता म्हणाली. ती अगदी जवळ उभी होती.

“पंचवीस! अठ्ठावीस!”

अंगठ्याला कड थरथरल्याचं कळलं. सव्वीस वर्षं लोकांनी मुकाट मान्य केलेला तो अंगठा होता. पण खरी गोष्ट अशी की तो कधीच चुकत नव्हता. कोरडा कापूस त्याला कोरडाच कळायचा. ओला हे तोंड म्हणायचं. आता तो अंगठा सांगत होता की अजून सात पौंड आणि मग ही जाते.

“साहेब,” मैनाबाई हळूच म्हणाल्या, “तुमाले कळून राह्यलं ना? तुमच्या तोंडावर दिसते. थांबवा ना. पोट्टीकडं दुसरी नाही.”

सदाशिवराव थांबले. गर्दी थांबली. विठ्ठलरावांनी खाकरून विचारलं, “काय झालं? काही अडचण?”

तोंड उघडायचा काय तो अवकाश होता. सदाशिवरावांनी उघडलंही.

“अडचण नाही,” ते म्हणाले, “आदेश पस्तीसचा आहे.”

“तीस! एकतीस! बत्तीस!” टाळ्या. “तेहतीस! चौतीस!”

पस्तीसचा आकडा काचेत दिसला. नेमकं किती वेळ दिसला यावर पुढं मतभेद झाले, पण दिसला हे तीन हजार माणसांनी पाहिलं. मग बोनसच्या शेवटच्या पौंडानं रॅकेट कडकन मधोमध मोडली आणि तिचं डोकं उडून विठ्ठलरावांच्या हारात अडकलं.

मग कोणीतरी ओरडलं, “पण पस्तीस झाले!” आणि असा जल्लोष झाला की वणीपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

अर्पितानं दांडा उचलला. “आता?”

सदाशिवरावांनी प्रमाणपत्र भरून दिलं. ‘प्रमाणित करण्यात येते की सदर रॅकेटवर पस्तीस पौंड इतका ताण यशस्वीरीत्या देण्यात आला.’ हे खोटं नव्हतं. खाली गोल शिक्का, वर तिचा फोटो.

रविवारी यवतमाळला अर्पिता मैनाबाईंसोबत गेली, हातात प्रमाणपत्र घेऊन. दोन शब्द सांगून बघू, कोणाची रॅकेट मिळाली तर मिळाली. तालुका प्रतिनिधी म्हणून सदाशिवरावही होते. हॉलमध्ये बाकीच्या सात तालुक्यांच्या सात पोरी आल्या होत्या. पुसदच्या शाल्मलीकडं तर तीन रॅकेटी, नागपूरहून गटिंग केलेल्या, तारा अशा की बोट लावलं तर वाजाव्या.

निवड अधिकारी कागद तपासत होता. “पुसद. प्रमाणपत्र?”

“सर, रॅकेट आहे ना,” शाल्मली म्हणाली.

“रॅकेट मला दिसतेय. प्रमाणपत्र?”

पुसदला यंत्र आलं नव्हतं. तिथं गाई आल्या होत्या. महागावला तेच. एकेक करून सातही पोरी बाद झाल्या आणि राहिली अर्पिता.

“मारेगाव. पस्तीस पौंड! वा. रॅकेट?”

“मोडली, सर.”

अधिकाऱ्यानं परिपत्रक खालून वर आणि वरून खाली वाचलं. “रॅकेट आणावी असं कुठं म्हटलेलं नाही. प्रमाणपत्र आणावं असं म्हटलंय. तुझं आहे. सात सामन्यांत तुला पुढे चाल. तू जिल्हा विजेती.”

“पण सर, आमी खेळलोच नाही!”

शाल्मलीनं आपली एक रॅकेट पुढं केली. “घे ना माझी. सर, आम्ही दोघी खेळतो. एकच गेम. कोणी हरलं तरी चालेल.”

“प्रमाणपत्र नसलेल्या रॅकेटनं खेळता येणार नाही. नियम आहे,” अधिकारी म्हणाला, आणि मग जरा मायेनं, “कायले उगाच घामाघूम होता, बाळांनो? निकाल लागला ना.”

दोघी पोरी रिकाम्या कोर्टाकडं पाहत उभ्या राहिल्या. जाळी बांधलेली होती, पांढऱ्या रेषा नुकत्याच मारलेल्या होत्या, दिवे सगळे लागलेले होते. सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसला. काचेच्या जागी कापूस असता तर त्यांनी सांगितलं असतं की ओला आहे. निघताना शाल्मलीनं ती रॅकेट अर्पिताच्या पिशवीत कोंबली आणि मागं न पाहता बसमध्ये चढली.

सोमवारी सकाळी सदाशिवरावांनी खिडकी उघडली तर रांग बसस्टँडपर्यंत जाऊन, वळसा घेऊन परत अंगणात आलेली. अशी रांग त्यांनी कापसाच्या ऐन हंगामातही पाहिली नव्हती. पण कोणाच्याच हातात रॅकेट नव्हती.

“साहेब, माह्या पोट्ट्याचं पस्तीसचं काढून द्या.”

“रॅकेट?”

“थे कायले पाह्यजे? मोडतेच.”

“मुलगा खेळतो का?”

“न्हाई, थो ट्यूशनले जाते. पण जिल्ह्याचं सर्टिफिकेट असलं म्हंजे पुढं अॅडमिशनले बरं पडते.”

सदाशिवरावांनी टोकनांचा गठ्ठा काढला.

अंगणाच्या पलीकडं, जिथं पूर्वी कापसाची गंजी लागायची, तिथं गोदामाच्या भिंतीवर अर्पिता शटल मारत होती. एकटीच. शटल भिंतीवर आपटून परत येत होतं आणि तिच्या रॅकेटवरून टणकन उडत होतं. तिचं चुकत होतं, ती उचलत होती, परत मारत होती. मैनाबाई दगडावर बसून मोजत होत्या आणि मोजणं विसरलं की एकापासून सुरू करत होत्या.

रांगेत तोंडं सगळी खिडकीकडं. शेवटून दुसरा एक तहसीलातला माणूस होता आणि शेवटचे, प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या पोराचे दोन फोटो आणि जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स घेतलेले, तुम्ही. तुमच्या पाठीमागं दहा पावलांवर तो टणटण आवाज चालला होता आणि तो तुम्हाला नीट ऐकू येत होता. पण वळून पाहिलं असतं तर नंबर गेला असता.